काकांचं लॉगिन

बस, सांगते. हसायचं असेल तर शेवटी हस.

रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात गेले, ते जेमतेम दहा मिनिटांच्या कामासाठी. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाची ओळख तपासणारा सर्व्हर नवा आला होता. त्याचा पत्ता फायरवॉलमध्ये, म्हणजे आमच्या नेटवर्कच्या दरवानाकडे, नोंदवायचा. नोंदवला, सेव्ह केलं, लॉगआउट केलं. नवं लॉगिन चालतंय का, हे न बघताच! ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्यांना सगळे काका म्हणायचे. ते नेमके याच चुकीवरून मला झाडायचे. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

पुन्हा आत शिरायला गेले, तर दरवान ओळख मागायला लागला. ओळख पटवणार तो सर्व्हर, आणि मी पत्ता चुकवल्यामुळे त्याच्यापर्यंत निरोपच पोचत नव्हता. झालं, बसा बोंबलत.

तेवढ्यात फोन वाजला. वर एक शिक्षिका ऑपरेशन टेबलावर होती, डोक्यात रक्तस्राव, आणि कुणाचंच लॉगिन होत नसल्यामुळे तिचा स्कॅन उघडत नव्हता. सर्जनबाई फार हळू बोलल्या.

"वीस मिनिटं आहेत... त्यापुढे मी अंदाजानेच हात घालणार."

खिडकी नसलेली खोली, पंख्यांची एकसुरी घरघर... आणि मग वास आला. निलगिरीच्या तेलाचा. काका रुमालावर टाकायचे ना, तोच. अंगावर सर्रकन काटा आला. वास सर्व्हरच्या रॅकमागून येत होता. तिथे काकांचा जुना लॅपटॉप होता, केबलने थेट फायरवॉलला जोडलेला, वर वर्षभराची धूळ. पण स्क्रीन चालू होती. आणि काका फायरवॉलमध्ये आधीच लॉगिन होते, म्हणजे दरवान तिथे ओळख मागणारच नव्हता... त्यांचं खातं तर ते गेले त्या आठवड्यात मीच रडत रडत काढून टाकलं होतं.

काका प्रत्येक बदलाशेजारी त्याचं कारण लिहून ठेवायचे. नोंदीतली त्यांच्या नावाची शेवटची ओळ त्याच दिवशीची होती, दहा चाळीसची, मी यायच्या वीस मिनिटं आधीची. बदल काहीच नव्हता, नुसतं कारण: 'पोरगी घाई करेल. एक दार उघडं ठेवतोय.'

"काका..." एवढंच तोंडातून निघालं.

घाबरायलाही वेळ नव्हता. तिथेच जमिनीवर बसले. पत्त्याचे शेवटचे दोन आकडे मी उलटे टाकले होते. ते सरळ केले, आणि या वेळी बाहेर पडायच्या आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करून पाहिलं. झालं! सर्जनबाईंचा फोन आला, "दिसतोय." ती शिक्षिका तीन आठवड्यांनी स्वतःच्या पायांनी घरी गेली. त्या दिवशी मी जिन्यात एकटीच नाचले, खरं सांगते.

नियमाप्रमाणे काकांचं लॉगिन मी बंद करायला हवं. नाही केलं, करणारही नाही. फक्त रोज सकाळी यादी बघते, आत कोण आहे आणि कीबोर्डला शेवटचा हात लागून किती वेळ झाला. तळघराची किल्ली एकट्या माझ्याकडे असते. आज माझ्या नावापुढे चौदा तास होते. काकांच्या नावापुढे चार सेकंद.