भक्तपूरची खिडकीवाली खोली

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्यासोबत घडलेली आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने इथेच थांबावं. कुणाला पटवत बसायची मला हौस नाही.

तारीख १५ फेब्रुवारी १९७९. गुरुवार. दुपारचे साडेतीन. नागपूर, सीताबर्डी.

खाली रस्त्यावर सायकलरिक्षांच्या घंट्या वाजत होत्या. लख्ख ऊन होतं.

आणि तरीही ते घडलं...

मी प्रेमिला. तेव्हा पंचवीस वर्षांची होते. मनोहरराव नावाच्या गृहस्थांच्या प्रवासी कंपनीत टायपिस्ट. कंपनी म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली, दोन टेबलं आणि एक काळा फोन. लोक काश्मीर करायचे, बद्रीकेदार करायचे. नवीन जोडप्यांना आम्ही नेपाळ सुचवायचो. पासपोर्ट लागत नसे, आणि परदेशात जाऊन आलो असं चारचौघांत सांगता यायचं. माझ्या टेबलामागे भक्तपूरच्या एका लॉजचं चित्र टांगलं होतं. कोरीव लाकडी खिडकी, आणि खाली शेकडो वर्षांचा जुना चौक.

१९७७ साली त्या चित्रासमोर कौशल्या उभी होती.

लकडगंजच्या चंपतरावांची सून. लाकडाचा मोठा व्यापार त्यांचा. लग्नाला चार महिने झाले होते. सोबत नवरा होता, रविंद्र. तो खुर्चीत बसून घड्याळ पाहत होता आणि ही बोट लावून मला विचारत होती, "ताई, हीच खोली भेटन ना? खिडकीवाली?"

मी म्हटलं, मिळेल.

तीन आठवड्यांनी ती परत आली. एकटी. हातात एकही बांगडी नव्हती. मनगटावर फडकं बांधलेलं होतं. दारातूनच तिने मागे वळून पाहिलं, मग हळूच विचारलं...

"ताई, एकीचं तिकीट भेटन का?"

मी तिला बसवलं. पाणी दिलं. आणि आत जाऊन मनोहररावांना सांगितलं.

माझ्या मनात वाईट काही नव्हतं. नोकरी नवी होती. मालकाला सांगायचं असतं, एवढंच मला कळत होतं. मनोहररावांनी तिच्यासमोरच फोन उचलला आणि लकडगंजला लावला. "तुमची सूनबाई इकडे आली आहे."

पंधरा मिनिटांत रविंद्र आला. हसत हसत तिला घेऊन गेला.

बाराव्या दिवशी ती घरामागच्या विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणे.

बुकिंग रद्द झालं. फाइल कपाटात गेली. मी दोन वर्षं त्या कपाटाच्या वरच्या खणाला हात लावला नाही.

आणि १९७९च्या फेब्रुवारीत तोच रविंद्र बापाला घेऊन आमचा जिना चढून आला. नवीन सूट. केसांना तेल.

चंपतराव म्हणाले, "मनोहरराव, याचं दुसरं लगनच तिकडं लावून टाकू. नेपाळले. देवाचं दर्शन होईन, पोरापोरीचं फिरणं होईन."

मनोहररावांनी विचारलं, "इथे का नको?"

"इथं तो चंद्रभान हाय ना." चंपतराव तोंड वाकडं करून म्हणाले. "पहिलीचा भाऊ. मांडवात येऊन बोंबलीन म्हणते. तिकडं थोडी येते तो!"

ठरलेली मुलगी नागपूरजवळच्या खाप्याची होती. पुष्पलता. वय एकोणीस. तिच्या घरच्यांना पहिली बायको तापाने गेली असं सांगितलं होतं.

रविंद्रने चित्राकडे बोट केलं. "तीच खोली. खिडकीवाली."

हाच माणूस. हीच खोली. मी मान खाली घालून लिहून घेतलं. त्याबद्दल मला स्वतःचा आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी लॉजला पाठवायची यादी टाइप केली. सात माणसं. सात नावं. कागद काढला, तपासला, सही घेतली. मग खालची कार्बन कॉपी काढली...

तिच्यावर आठ नावं होती.

आठवं नाव कौशल्याचं.

मी दोन्ही कागद उन्हात धरून पाहिले. वर सात. खाली आठ. कॉपी मी फाडून टाकली. मनोहररावांना दाखवलीसुद्धा नाही. पोस्टात गेला तो वरचा, सात नावांचा कागद.

दहा दिवसांनी लॉजची तार आली.

"बाई पोचल्या. खिडकीची खोली दिली. बाकीचे कधी?"

मनोहरराव वैतागले. "कोण बाई? लग्न तर मार्चमध्ये आहे!" त्यांनी ट्रंककॉल लावायला सांगितलं. मी सकाळी दहाला नोंदवला. तो लागला साडेतीनला.

तोच तो गुरुवार.

मनोहरराव नेमके बँकेत गेले होते. फोन मी घेतला. पलीकडे लॉजचा मॅनेजर होता, हिंदीत बोलत होता. लाइन खरखरत होती.

"मैडम परसों से हैं जी. खाना नहीं खातीं. बस खिड़की में बैठी रहती हैं."

"नाम क्या लिखाया?" मी विचारलं.

"नाम नहीं बताया. बोलीं, नागपुर का फोन आए तो बुला लेना. रुकिए..."

पावलं लांब गेली.

मग काहीच नाही.

मग पाण्याचा आवाज आला. नळाचा नाही. खोल, बंद जागेतल्या पाण्याचा. कुणीतरी त्यात हात हलवत असल्यासारखा...

आणि अगदी कानाशी ती बोलली.

"भेटलं वं मले. एकीचं."

आवाज मी ओळखला. त्या आवाजाने मला एकेकाळी ताई म्हटलं होतं. आता ती तसं म्हणाली नाही.

मला फोन ठेवता येईना. मग ती आणखी एक वाक्य बोलली, आणि लाइन तुटली.

ते वाक्य पुढे सांगते.

मनोहरराव परत आले तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लाइनमध्ये दुसऱ्या कुणाचं बोलणं घुसलं असेल. पाणी पी."

"तुम्ही त्या दिवशी फोन का केला?" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मालकावर ओरडले. "ती पाणी पीत बसली होती! तुम्ही तिच्यासमोर फोन केला!"

"दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत आपण पडत नाही, प्रेमिला."

"पडलो ना! आपणच तर पडलो!"

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. एसटीने खाप्याला गेले. पुष्पलताचं घर शोधलं. तिच्या आईला, प्रयागबाईला, जे होतं ते सांगितलं. फोनचं सोडून सगळं. मनगटावरचं फडकं. विहीर. चंद्रभान.

प्रयागबाई माझ्यावरच उखडल्या. "शुभकार्यात मोडता घालाले आली का वं तू? कोणं पाठवलं तुले?"

पुष्पलता आतून बाहेर आली. तिने मला फक्त एक गोष्ट विचारली.

"त्या बाईनं तिकीट मागितलं, तवा तुमी काय केलं?"

मी खोटं बोलू शकले असते. नाही बोलले.

तिने ऐकून घेतलं. मग आईकडे वळली. "मी नाई जात. मले मारून टाका, पण मी नाई जात."

बाप संध्याकाळी घरी आला. पोरीने अन्न सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी लग्न मोडलं.

चौथ्या दिवशी रविंद्र आमच्या ऑफिसात. जिन्यापासूनच शिव्या देत आला.

"कुठं हाय ती टायपिस्ट? काहून गेली होती खाप्याले? नाक खुपसून राहिली माह्या घरात!"

त्याने टेबलावरचं सगळं खाली ढकललं. मनोहरराव कोपऱ्यात उभे. मी जागची हलले नाही. भीती वाटायला हवी होती. वाटला तो राग. याला पाहून हात शिवशिवत होते.

तेवढ्यात फोन वाजला.

टेबलावर तेवढा एकच उरला होता.

मी उचलला. एक्सचेंजची मुलगी म्हणाली, "ट्रंककॉल. रविंद्र यांच्यासाठी."

तो इथे आहे हे कुणाला माहीत होतं?

मी रिसीव्हर त्याच्यापुढे धरला. त्याने हिसकावून घेतला. "हॅलो!" ओरडला.

मग गप्प झाला...

दोन मिनिटं. तीन मिनिटं. एक अक्षर नाही. मानेवरचं तेल आणि घाम कॉलरमध्ये उतरत होता. शेवटी लहान मुलासारखं म्हणाला, "हो. येतो."

त्याने रिसीव्हर ठेवला आणि जिना उतरून गेला.

मी रिसीव्हर हातात घेतला. तो ओला होता. कानाशी धरतात तिथल्या भोकांतून पाण्याचे थेंब बाहेर येत होते.

रविंद्र त्याच आठवड्यात एकटा नेपाळला गेला. बापाने अडवलं, ऐकलं नाही. महिन्याभराने लॉजचं पत्र आलं. ते मनोहररावांनी वाचून माझ्याकडे सरकवलं.

साहेब आले, असं मॅनेजरने लिहिलं होतं. मॅडमच्या खोलीत एक रात्र राहिले. सकाळी मॅडम निघून गेल्या. कुठे ते सांगितलं नाही. गादी, चादर, सगळं भिजलं होतं.

रविंद्र परत आला तो सरळ लाकडाच्या वखारीत. भर दुपारी, करवती चालू असताना, हमालांसमोर उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "मीनं ढकललं तिले. पाय नाई घसरला. मीनं ढकललं."

चाळीस माणसांनी ऐकलं. चाळीस.

चंपतरावांनी त्याला गाडीत घातलं. पोरगा भ्रमिष्ट झाला म्हणून सांगितलं. कुठल्याशा दवाखान्यात ठेवलं. हमालांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. त्याच वर्षी गणपतीत चंपतरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. फोटो पेपरात आला होता. मी तो चुलीत घातला. आजही मला भुताची भीती वाटते त्याहून जास्त त्या फोटोची चीड येते.

नोकरी मी सोडली. पण एक काम राहिलं होतं.

मी चंद्रभानकडे गेले. कौशल्याचा भाऊ. महाल भागात सायकली दुरुस्त करायचा. मी सगळं सांगितलं, फोनसुद्धा. तो मला वेडी म्हणेल असं वाटलं होतं. तो चाकाचे आरे पुसत ऐकत राहिला.

मग विचारलं, "रागात होती का?"

मी म्हटलं, "खूप."

त्याने चाक खाली ठेवलं. डोळे भरून आले होते, पण चेहरा हसरा होता.

"बरं झालं. जिवंत होती तवा एकदा पण रागावली नाई ती. आमी तिले रागवूच देलं नाई. घरी आली का परत धाडून द्यायचो. मी सोता सोडून आलो दोनदा."

त्याने चाक परत उचललं.

मग तो म्हणाला, "अजून काय म्हणे?"

मी म्हटलं, "काही नाही. लाइन तुटली."

हे खोटं होतं. दुसरं वाक्य मी त्याला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांनाही नाही. सेहेचाळीस वर्षांत आज पहिल्यांदा लिहिते आहे.

ती म्हणाली होती, "अंदर जाऊन तू काहून सांगितलं वं? मी तं तुले इचारलं होतं."

लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.

नाही वाटत.