बिनभोकांचं बटण

"सूनबाई, या बटणाला भोकंच नाहीत की गं!"

शिंपीकाम करणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनी ते पांढरं, गोल काहीतरी उजेडात धरलं... आणि शेजारच्या मशीनवर थोरल्या सुनेचा पाय पायडलवरच थिजला!

गेले अकरा दिवस ती सकाळी सगळ्यांदेखत उदासीवरची गोळी काढायची, पाण्याचा पेला तोंडाला लावायची आणि पाठ फिरवून गोळी बटणांच्या डब्यात टाकायची. धाकटी जाऊ कामावर रुजू होणार, बाळाला थोरली सांभाळेल, असं घरात चाललं होतं; तेव्हा मास्तर बोलून गेले, "गोळ्यांवर चालणाऱ्या बाईच्या हाती लेकरू द्यायचं?" पडद्याआड उभ्या असलेल्या तिच्या काळजात ते शब्द रुतले. तिची स्वतःची कूस रिकामी... तिने तिथेच ठरवलं, गोळी बंद!

चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात विजेचे झटके बसू लागले, पायाखालची जमीन हलू लागली, उगाचच रडू फुटू लागलं. 'मनच मेलं दुबळं!' असं स्वतःला बजावत, दातओठ खात ती शिवत राहिली. कालच बाळाच्या झबल्याला बाही उलटी लागली, आणि रागाच्या भरात तिने ती टर्रकन ओढली. कापड फाटलं.

"गोळ्या आहेत त्या, अकरा, मामंजी," ती आता शांतपणे म्हणाली. "तुमचं बोलणं ऐकलं होतं मी."

मास्तरांचा चेहरा उतरला. "जीभ झडो माझी! अगं, शिवण ओढायची नसते, टाका टाका उसवायची असते, हे काल मीच तुला शिकवलं... आणि गोळी अशी एकदम तोडून तू स्वतःलाच फाडलंस?"

"मामंजींना विचारलं कुणी?" बाळाला घेऊन धाकटी दारात उभी होती. "बाळ माझं आहे. ताई, तुमच्या भरवशावर तर मी रुजू होतेय!"

थोरलीने डोळे पुसले. "आत्ताच डॉक्टरांना फोन करते, सगळं खरं सांगते. गोळी पुन्हा कशी घ्यायची, कमी करायची की नाही, ते त्यांना विचारूनच. तुमच्या शब्दाखातर नाही, मामंजी, आणि माझ्या हट्टाखातरही नाही!"

"मग याला घ्या ना जरा," धाकटी म्हणाली.

हात आपसूक पुढे झाले... आणि तिने ते मागे घेतले.

"आज नको गं. चक्कर येतेय. थांबली की मीच मागेन."

फोन झाला. संध्याकाळी दवाखान्यात बोलावलं होतं. मास्तरांनी फाटलेलं झबलं मांडीवर घेतलं, पण सुईत दोरा जाईना. त्यांना दिसत नव्हतं, तिचा हात थरथरत होता. मग त्यांनी सुई घट्ट धरली, तिने दोरा पुढे केला... एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला...

तिसऱ्यांदा ओवला गेला.