व्होग्टेलांची न धुतलेली टोपी

"टोपी गेली," मार्लीन व्होग्टेल दारातच म्हणाली. "माझ्या बाबांची. आणि कुणी नेली तेही मला माहीत आहे."

खासगी तपासनीस इर्मा टोलेफ्सन आणि त्यांचा दीर वेंडेल खरं तर जेवायला आले होते. डिसेंबरचा रविवार, दुपारी अमेरिकन फुटबॉलचा सामना, विस्कॉन्सिनच्या पॅकर्सचा शिकागोच्या बेअर्सशी, आणि व्होग्टेलांची टॅव्हर्न, म्हणजे बार आणि खाणावळ, राज्याच्या अशा टोकाला, की शिकागोचं इलिनॉय हाकेच्या अंतरावर.

"माहीत आहे तर मला कशाला सांगतेस?" इर्माबाई म्हणाल्या.

"पुरावा हवाय. मग स्टॅनकाकांना सांगेन, गाडी वळवा आणि पुन्हा इथे पाय ठेवू नका."

स्टॅन वोयत्केविच म्हणजे मार्लीनच्या वडिलांचा, ऑर्विलचा, जन्माचा दोस्त. पण पलीकडचा, बेअर्सवाला. या सामन्यासाठी तो दर वर्षी आदल्या दिवशीच मुक्कामाला यायचा आणि मागच्या अंगणातली शेगडी सांभाळायचा. ऑर्विल वसंतात गेला, तरी यंदाही तो आला होता.

पॅकर्सच्या रंगांची ती हिरवी-पिवळी लोकरी टोपी बारमागे, छताजवळच्या खिळ्यावर असायची.

"शिडी तळघरात, किल्ली माझ्या खिशात," मार्लीन म्हणाली. "काल जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं, उद्या टोपी धुऊन बाबांच्या फोटोवर लावते. सकाळी बघते तर खिळा मोकळा."

इर्माबाईंनी वर पाहिलं. खिळ्याखाली बाटल्यांची रांग. त्यांच्यावरची धूळ जशीच्या तशी. खिळ्याच्या दोन्ही अंगांना भिंतीवर एकेक काळा डाग.

"हे जुने?"

"छे! परवाच भिंत पुसली."

बर्नडीन आत्या, ऑर्विलची बहीण, खिडकीशी कांदे चिरत होती. "मीच नेली असती, देवाशपथ! संघ जिंकत असताना टोपी धुतं का कुणी? नशीब धुऊन जातं. ऑर्विलने तिला कधी पाण्याचा थेंब लागू दिला नाही. पण हा खांदा बघा माझा. केस विंचरायलासुद्धा शेजारीण लागते."

मार्लीनचा नवरा गॅरेट चांगला उंच. इर्माबाईंनी त्याला टाचा उचलायला लावल्या. बोटं खिळ्याच्या हातभर खाली राहिली.

"धुलाईचं यंत्र मीच लावायचं होतं," तो हळूच म्हणाला. "टोपी गेली आणि सुटलो!"

अंगणात स्टॅन नारिंगी-निळ्या जर्सीत बर्फात उभा होता.

"मी? त्या रंगाला मी बोटसुद्धा लावत नाही, बाई! ऑर्विलने एकदा ती माझ्या डोक्यावर घातली, तर घरी जाऊन डोकं धुतलं मी."

बोलता बोलता त्याने सॉसेजला काटा टोचून ते उलटलं. रस निखाऱ्यांवर चर्रकन सांडला. वेंडेलचा जीव तळमळला.

"अरे स्टॅन!" आत्या खिडकीतून ओरडली. "सॉसेजला काटा? सगळा रस गेला की! जन्मभर चिमट्याने उलटलेस, आजच काय झालं?"

"चिमटा सापडत नाहीये," स्टॅन म्हणाला आणि धुराकडे बघत राहिला.

"वहिनी, उघड आहे," वेंडेल कुजबुजला. "बेअर्सवाल्याने पॅकर्सचं नशीब पळवलं."

"नशीब घालवायचं असतं, तर टोपी धुऊच दिली असती. साबणही आणून दिला असता त्याने."

"मग आत्या!"

"कुठल्या हाताने?"

सामन्याला थोडाच वेळ उरला, तेव्हा इर्माबाईंनी सगळ्यांना बारपाशी बोलावलं.

"कुणी वर चढलं नाही, धूळ तशीच आहे. हात पोचत नाही. म्हणजे खालूनच काहीतरी लांब वर गेलं. त्याला दोन टोकं होती, आणि दोन्ही टोकांना काजळी. शेगडीचा लांब चिमटा. तो ज्याच्या हाती असतो, त्याच्याकडे आज नेमका नाही, म्हणून सॉसेजला काटा टोचायचं पाप त्याला करावं लागलं."

"म्हणजे मीच खरी!" मार्लीन उसळली.

"चोर तू म्हणतेस तोच. कारण मात्र उलटं. त्या टोपीला पाणी लागू नये, असं या माणसाला वाटलं. स्वतःच्या संघाचं नुकसान सोसून. का, ते त्यालाच विचार."

स्टॅन गाडीकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात घट्ट बंद केलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत टोपी.

"मग चिमटा गाडीत का?" आत्याने विचारलं.

"या टोपीला लागलेला चिमटा मी माझ्या खाण्याला लावू?"

गॅरेट हसला. मार्लीन हसली नाही. "मला सांगायचं होतं, काका."

"काय सांगू? बेअर्सवाला पॅकर्सच्या टोपीसाठी गयावया करतो? इलिनॉयमध्ये तोंड दाखवायला जागा राहिली नसती." त्याने पिशवी बारवर ठेवली. "तिला ऑर्विलच्या पाइपच्या धुराचा वास आहे, पोरी. त्याच्या गाडीतला गेला, कोटातला गेला. एवढ्यातच उरलाय. तुझं धुण्याचं खूळ उतरलं, की परत टांगणार होतो."

मार्लीनने पिशवी उघडली आणि चेहरा आत घातला. मग तिने पिशवी पुन्हा घट्ट बंद केली.

"काका, बसा. सामना सुरू होतोय."

पहिला टचडाउन करून शिकागोने गुण घेतले. टॅव्हर्नभर शुकशुकाट, आणि त्यात स्टॅन एकटाच टेबलावर मुठी आपटत ओरडत होता. मार्लीनने हातातला पाव त्याला फेकून मारला.

"घरात घेतलं म्हणून माजलात होय! गॅरेट, काकांना करपलेलं सॉसेज दे."