पहारीच्या आकाराचं भोक

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तर सालची. तेव्हा फोटो बोटाने नव्हे, ब्लेडने बदलत.

चिमी, तिचा थोरला भाऊ ढब्बू आणि चष्मेवाला मावसभाऊ मास्तर सुट्टीभर मामाच्या फोटो स्टुडिओत पडीक असत. दर आठवड्याला मामा एक वस्तू ठरवी. रद्द फोटोंच्या टोपलीतून हवं ते कापायचं, खळीने चिकटवायचं आणि त्या वस्तूचं भलतंच काहीतरी करून दाखवायचं. मग मामा त्याचा पुन्हा फोटो काढी, म्हणजे सांधा दिसत नसे, आणि तो गिऱ्हाइकांच्या फोटोंच्याच तारेवर वाळत घाली. त्या आठवड्याची वस्तू होती छत्री.

ढब्बूने छत्रीची होडी केली, मास्तरने वटवाघूळ. चिमीने छत्र्या दुरुस्त करणाऱ्या काकांचा फोटो निवडला. लाकडाच्या वखारीच्या भिंतीपुढे, उघडी छत्री उंच धरून ते उभे होते. चिमीने छत्री कापून काढली आणि त्यांच्या हातात लोखंडी पहार दिली.

मामाने फोटो उजेडात धरला. "शून्य."

"का म्हणून?"

"हातात पहार आणि भिंतीवर सावली छत्रीची. सावली विसरलीस, बाईसाहेब."

"ए चिमे, शून्याची सावली गोल पडते का गं?" ढब्बूने विचारलं. चिमी दिवसभर फुगून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारवाले शेठ आपल्या कामगारांचे फोटो न्यायला आले. त्यांचा चेहरा उतरला होता. आदल्या संध्याकाळी त्यांच्या रखवालदाराचं डोकं कुणीतरी फोडलं होतं आणि तो इस्पितळात बेशुद्ध पडला होता. शेजारी रक्ताने माखलेली पहार सापडली होती, मुठीपाशी काथ्या गुंडाळलेली. वखारीचा मुकादम म्हणाला होता, ही आपली नव्हे, बाहेरची. त्याच्या धाकाने बाकी कुणी तोंड उघडलं नव्हतं.

"अरेरे, काय दिवस आलेत," असं म्हणत मामाने तारेवरचे फोटो न बघताच पाकिटात कोंबले.

तासाभराने रस्त्यावर आरडाओरडा झाला. तिघं धावत बाहेर आली. छत्रीकाकांच्या खोपटाच्या फळ्या उडत होत्या. छत्र्यांच्या काड्या पायांखाली मोडत होत्या. काका जमिनीवर पडले होते, ओठ फाटला होता, दात रस्त्यावर होता. मुकादम त्यांच्या डाव्या हातावर बूट रोवून उभा होता आणि शेठ एक फोटो हवेत नाचवत ओरडत होते, "ही बघा पहार! काथ्यासकट!"

चिमीने फोटो ओळखला. तो तिचाच फोटो होता.

"माझा आहे तो," ती म्हणाली. कुणाला ऐकूच गेलं नाही. मुकादमाने दांडकं उगारलं. चिमी गर्दीतून घुसली आणि काकांच्या अंगावर आडवी पडली. दांडकं तिच्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मास्तरलाही ऐकू आला.

पोर मध्ये आलेलं पाहून लोकांचे हात थबकले. तेवढ्यात मास्तरने शेठच्या हातातून फोटो ओढला. "भिंतीकडे बघा. पहारीची सावली अशी पडते? ही छत्री आहे."

शेठनी चष्मा वर केला. "अरे, खरंच की."

"आमचा खेळ आहे तो," चिमी कळवळत म्हणाली. "छत्री मी कापली. पहार दुसऱ्या फोटोतली आहे. ढब्बू, टोपली आण."

ढब्बू वाऱ्यासारखा गेला आणि टोपलीच डोक्यावर घेऊन आला. तिच्या तळाशी वखारीचा रद्द फोटो होता. मुकादमाने पहार खांद्यावर टाकून ऐट केली होती, शेठना ती आवडली नव्हती, म्हणून तो फोटो रद्द झाला होता. आता तिथे मुकादमाच्या मुठीत पहारीच्या आकाराचं भोक होतं. मास्तरने टोपलीतल्याच चिमीच्या मूळ चिकटवलेल्या फोटोवरून पहारीचा तुकडा उचकटला आणि त्यावर धरला. काथ्यासकट बरोबर बसला.

"बाहेरची म्हणालास ना रे?" शेठनी हळूच विचारलं.

मुकादमाने फोटोवर झडप घातली. मुलांमागून धावत आलेला मामा आडवा आला, तर त्याच्या नाकावर ठोसा बसला. मग तीच गर्दी, तेच हात मुकादमावर तुटून पडले. त्याचं डोकं कुंपणावर आपटलं.

"बास करा," रक्त थुंकत काका म्हणाले. "पुन्हा चुकाल. पोलिसांना बोलवा."

दोन दिवसांनी रखवालदार शुद्धीवर आला. त्याने मुकादमाला लाकूड चोरून नेताना पकडलं होतं. फौजदार स्टुडिओत येऊन म्हणाले, "पोरांनो, आमच्याआधी तुम्ही गुन्हा शोधलात. शाब्बास."

"मामा, आता तरी मार्क वाढव," प्लॅस्टरमधला हात पुढे करत चिमी म्हणाली.

सुजलेल्या नाकाने मामा म्हणाला, "तुझ्यासारखी भाची मिळायला भाग्य लागतं. पण शून्य ते शून्यच. सावली चुकली ती चुकलीच. मलाही शून्य. मी पाकीट बघितलं नाही."

मुकादम सात वर्षं तुरुंगात होता. रखवालदाराला पुढे एका कानाने ऐकू आलं नाही. छत्रीकाकांचा डावा हात कधी पुरता सरळ झाला नाही. शेठनी त्यांना पक्कं दुकान बांधून दिलं, पण काका त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. मामाने खेळाचे फोटो कुलपात ठेवायला सुरुवात केली. ढब्बूने खरोखरच्या होड्या बांधल्या, मास्तर दातांचा डॉक्टर झाला आणि काकांना त्याने फुकट दात बसवला.

चिमी एका वर्तमानपत्रात फोटो तपासायच्या कामावर लागली. पाऊस यायचा झाला की तिचं मनगट अजून ठणकतं. फोटो कुणाचाही असो, ती आधी चेहरा बघत नाही. सावली बघते.