काकांच्या पेल्यावरची वाफ

कडू कॉफीचा पेला हलला नाही, की वाफ आधी सरळ वर जाते. मग ती बारीक होते, एका बाजूला झुकते आणि दिसेनाशी होते. त्यानंतर कॉफीवर कडेपासून एक पातळ तवंग धरू लागतो.

अबू राजेहकाकांच्या पेल्यातली वाफ आता झुकली होती.

"मागणं मान्य झाल्याशिवाय आम्ही कॉफीला हात लावणार नाही," असं म्हणून त्यांनी पेला समोर ठेवला होता. आमच्या सॉल्ट गावात मागणी अशीच घालतात. त्यांच्या शेजारी त्यांचा पुतण्या सुहैब बसला होता, बुटांकडे बघत.

बाबा म्हणाले, "माझी हरकत नाही. पण उत्तर रुदैना देईल."

रिकामा ट्रे छातीशी धरून मी दारात उभी होते.

सुहैब पहिल्यांदा भेटला तो मी काम करते त्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत. आत्याच्या विहिरीचं पाणी त्यानं जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरणीतून आणलं होतं.

"या पाण्यात साखर निघेल," मी म्हटलं.

"आत्या गोडच आहे हो आमची."

"स्वच्छ बाटली आणा."

"आणतो. मग... चहा घ्याल?"

"बिल मिशमिश."

म्हणजे जर्दाळूच्या दिवसांत. जर्दाळू झाडावर टिकतो किती? बघता बघता संपतो. म्हणून जे व्हायचं नाही, ते आम्ही त्या दिवसांवर ढकलतो. लहानपणी मी सायकल मागितली, तेव्हा बाबांनी हेच सांगितलं होतं. सायकल कधी आली नाही.

चहा मात्र झाला. पुढे बरंच काही झालं – पावसात एका छत्रीतून उतरलेल्या पायऱ्या, माझ्या बाहीला नकळत लागलेली त्याची बोटं... तो म्हणायचा, "काकांना पाठवू?" मी म्हणायचे, "मिशमिश!" तो हसायचा. मीही हसायचे. खात्री झाल्याशिवाय मी आकडासुद्धा लिहीत नाही, मग हे कसं बोलणार? बोललं, की ते चुकूही शकतं.

काल तो हसला नाही. "अकाबाची, तिकडे दूर समुद्रकाठची नोकरी घेतलीय. उद्या काका येतायत. भरलेला पेला ठेवून ते उठले, तर पुन्हा या दारात येणार नाहीत. आणि मीही... किती वेळा विचारू, रुदैना?"

"पोरी?" बाबांनी हाक मारली. त्यांच्या कपाळावर घाम होता. माझं नेहमीचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. ते मी त्यांच्याकडूनच तर शिकले होते.

'मि...' इथपर्यंत आलेलं मी गिळलं.

आणि तेवढ्यात सुहैबनं स्वतःच्या समोरचा पेला उचलला – आणि एका घोटात रिकामा केला.

"गाढवा!" काका पुटपुटले. "प्यायलास? उत्तराआधी?"

"मी... काका, घसा कोरडा पडला होता. लक्षातच..."

"मग झालं! मागायचं काही उरलंच नाही आपलं. चल, ऊठ!"

बाबा गडबडून म्हणाले, "अहो, पोरगा घाबरलाय. बसा हो."

"घाबरलाय? तुमच्यासमोर नाक कापलं माझं, तेव्हा नाही घाबरला!" काका गुडघ्यांवर हात टेकून उठू लागले.

सुहैबनं रिकामा पेला खाली ठेवला. कॉफीचा एक थेंब त्याच्या पांढऱ्या शर्टावर पसरत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विचारणं नव्हतं – निरोप होता.

मी ट्रे खाली ठेवला. काकांचा पेला दोन्ही हातांत घेतला. तो अजून कोमट होता.

"काका, बसा."

"कशाला, पोरी?"

"गार व्हायच्या आत प्या." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मी सुहैबशी लग्न करणार आहे."