नव्या माणसाची ओळख

मिरजेच्या कृष्णाकाठ स्मृतिगृहात रविवारी भेटायला येणारे नातेवाईक आधी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नसत. ते बघत भिंतीवरच्या वाटाण्याएवढ्या दिव्याकडे. दिवा केशरी झाला की कोणी हसे, कोणी पदर डोळ्यांना लावी.

२०६१ साली अशी स्मृतिगृहं, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या राहण्याच्या जागा, प्रत्येक तालुक्यात होती. दिवा मात्र इथलाच. डॉक्टर केतकी उपाध्ये यांनी बारा वर्षं खपून तो तयार केला होता. बाजारात एखादा चेहरा दिसतो, नाव काही केल्या आठवत नाही, पण ‘हा आपल्या ओळखीचा’ एवढं मन लगेच सांगतं. नाव आणि ओळखीची भावना मेंदूत दोन वेगळ्या वाटांनी येतात. स्मृतिभ्रंशात नावाची वाट लवकर बुजते, ओळखीची वाट बरीच वर्षं तग धरते. त्या वाटेवरून जाणाऱ्या विजेच्या बारीकशा तरंगाला केतकीबाईंनी नाव दिलं होतं ओळखलहर. कपाळावर बांधायची मऊ ओळखपट्टी ती टिपायची आणि दिवा लागायचा. आई नाव विसरली तरी आतून आपल्याला ओळखते, हे मुलांना त्या दिव्यामुळे कळायचं.

तन्मय खोतसाठी तो लागला नाही.

तन्मय पन्नाशीचा, नाशिकला पूल बांधणारा इंजिनिअर. त्याचे वडील सर्जेराव खोत मिरजेत महापालिकेचं पाणी सोडायचं काम करत. लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली जायचं, जमिनीतला व्हॉल्व्ह फिरवायचा, वेळेवर बंद करायचा. छत्तीस वर्षं गावाला त्यांनी पाणी दिलं. आता एक्क्याऐंशीव्या वर्षी ते इथे राहत होते आणि तन्मय वर्षातून दोनदा येत होता.

“बाबा, ओळखलंत का मला?” त्याने विचारलं. “मी कोण? सांगा बघू.”

सर्जेरावांनी मान फिरवली. दिवा विझलेलाच.

तेवढ्यात दारातून रेहाना मुजावर आली. अशा घरांत माणसांचं न्हाणंधुणं, खाणंपिणं, उठणंबसणं बघणाऱ्यांना सोबतकर म्हणत. रेहाना इथली सर्वांत जुनी सोबतकर, वीस वर्षं हेच काम करणारी. तिने दारातच थांबून सर्जेरावांच्या नजरेत नजर मिळू दिली, मग समोर येऊन उकिडवी बसली. “साहेब, पेज आणलीय. गरम आहे हां.”

दिवा लख्ख केशरी झाला.

तन्मय उठलाच. “हे यंत्र बिघडलंय! नाहीतर या बाईंनी माझ्या वडिलांना काहीतरी करून ठेवलंय. मी पोटचा मुलगा आहे त्यांचा. उद्याच नाशिकला नेतो मी त्यांना.”

केतकीबाई धावत आल्या. पट्टी तपासली, यंत्र ठीक होतं. “खोत, जागा बदलली तर त्यांना फार त्रास होईल,” त्या म्हणाल्या. “इथली प्रत्येक भिंत त्यांच्या अंगवळणी पडलीय.”

“मुलाच्या घरी त्रास होतो का कुणाला?”

रेहानाने पेजेची वाटी खाली ठेवली. “घेऊन जावा की,” ती शांतपणे म्हणाली. “बाप तुमचाच आहे. फक्त दहा दिवस माझ्याबरोबर काम करा. तिथं त्यांचं सगळं तुम्हालाच करावं लागणार. शिकून तरी जावा.”

तो राहिला. बराचसा रागानेच.

पहिल्या सकाळी त्याने वडिलांच्या खांद्यावर मागून हात ठेवला. सर्जेराव दचकून ओरडले. “मागनं येऊ नका,” रेहानाने सांगितलं. “त्यांना बाजूचं, मागचं पटकन दिसत नाही. समोरून या, बसा, आवाज ओळखू द्या. मग हात.” न्हाणीघरात तर मारामारीच झाली. तन्मयने थेट डोक्यावर तांब्या ओतला आणि बोचकारून घेतलं. रेहानाने अंगावर टॉवेल पांघरला, कोमट पाणी आधी सर्जेरावांच्या तळहातावर सोडलं, मग पायांवर. टॉवेल न काढताच अंग धुतलं. “अनोळखी माणूस येऊन कपडे काढायला लागला तर तुम्ही काय करशीला? बोचकारणारच की. ते रागीट नाहीत, घाबरलेत.”

संध्याकाळी चारच्या सुमाराला सर्जेराव अस्वस्थ होत. दार हलवत, “पाणी सोडायचंय, चावी कुठाय?” म्हणत. तिसऱ्या दिवशी तन्मय वैतागून म्हणाला, “बाबा, तेवीस वर्षं झाली तुम्हाला निवृत्त होऊन! तुमचं काम संपलं.” सर्जेरावांनी त्याला ढकललं आणि भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडू लागले.

रेहाना जवळ गेली. “साहेब, आज कुठल्या गल्लीचं पाणी?”

रडणं थांबलं. “किल्ला भाग. मग ब्राह्मणपुरी.”

“मग चला की. लोक घागरी घेऊन थांबलेत.”

मागच्या अंगणात तिने प्लंबरकडून जुना व्हॉल्व्ह बसवून घेतला होता, त्याची लोखंडी चावीही तिथेच टांगलेली होती. सर्जेरावांनी चावी अडकवली, दीड फेरा दिला, कान लावून ऐकलं. पाणी खरोखरच वांग्यांच्या वाफ्यात शिरलं. त्यांचा चेहरा असा उजळला की तन्मयला बघवेना.

“हे खोटं नाही का?” त्याने नंतर विचारलं.

“वांगी तर खरी येतात,” रेहाना म्हणाली. “मी त्यांना माझ्या सालात ओढत नाही, त्यांच्या सालात जाते. आणि एक सांगू? ‘ओळखलंत का’ हे विचारणं सोडा. रोज परीक्षा, रोज नापास. कोण येईल अशा मास्तरच्या जवळ?”

तन्मय त्या दिवसापासून बदलला. समोरून जायला शिकला. दोनच शर्ट पुढे धरून त्यातला एक निवडू द्यायला शिकला. वडील जेवताना थांबले की स्वतः घास घेऊन दाखवायला शिकला. सर्जेराव चिडले की ते का चिडले हे शोधू लागला. एकदा बूट उलटे होते, एकदा लघवीला जायचं होतं, एकदा नुसती आरशातल्या म्हाताऱ्याची भीती वाटली होती. रेहाना लांबून बघायची. वीस वर्षांत तिने साठेक सोबतकर तयार केले होते, पण इतक्या लवकर हात बसलेला हाच, असं ती स्वयंपाकघरात सर्वांना अभिमानाने सांगायची.

नवव्या दिवशी दुपारी तन्मय समोर येऊन बसला आणि म्हणाला, “साहेब, नखं काढू या का?”

दिवा लागला.

केतकीबाईंनी टाळ्या वाजवल्या. तन्मयने आधी नखं काढली. मग तो केतकीबाईंच्या खोलीत आला, लहरी दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसला आणि म्हणाला, “म्हणजे आठवलं त्यांना. मी आठवलो.”

केतकीबाईंनी पडद्यावरची लहर मोठी करून पाहिली. “खोत, जुनी ओळख जागी होते तेव्हा लहर एकटी नसते. तिच्यामागून घर, वास, आवाज असे शेकडो तरंग उठतात, तुटके का होईना. तुमची लहर एकटी आहे. कोरी आहे.”

“म्हणजे?”

“त्यांना त्यांचा मुलगा आठवलेला नाही. नऊ दिवसांत त्यांनी एका नव्या माणसाची ओळख करून घेतलीय. या आजारात हे होऊ शकतं यावर माझाच विश्वास नव्हता. रेहानाने ते करून दाखवलं. आणि आता तुम्ही.” त्यांनी पडद्यावर दुसरी यादी उघडली. “तुम्ही यंत्रावर शंका घेतलीत, तेव्हापासून मी या घरातल्या सगळ्यांच्या जुन्या नोंदी काढून बघितल्या. गेल्या वर्षभरात लागलेल्या दिव्यांत दहातले नऊ असेच आहेत. दर आठवड्याला येणाऱ्यांची नवी ओळख झालेली आहे. आई आपल्याला आतून ओळखते असं मी लोकांना सांगत आले. ती ओळखते, पण मूल म्हणून नव्हे. हे मी त्यांना कसं सांगू?”

रेहाना दारात उभी होती. “सांगा, बाई,” ती म्हणाली. “कमावलेली ओळख आहे ती. त्यात लाज कसली? मला तर ती रोज नव्याने कमवावी लागते आणि मला त्याचा गर्व आहे.”

नाशिकची गाडी तन्मयने रद्द केली. मिरजेजवळच्या पुलाचं काम मागून घेतलं आणि रोज चार वाजता स्मृतिगृहात येऊ लागला.

महिन्याभराने एकदा दोघे वांग्यांच्या वाफ्याशी बसले होते. सर्जेरावांनी चावी मांडीवर आडवी घेतली होती.

“चांगला हात आहे तुझा,” ते म्हणाले. “नवीन हेल्पर बरेच दिले पालिकेने, पण तुझ्यासारखा नाही. लग्न झालंय?”

“हो, साहेब.”

“मला एकच पोरगा. पाचवीत आहे.” म्हाताऱ्याने चावीवरून हात फिरवला. “काय सांगू तुला. परवा पुठ्ठ्याचा पूल केला त्यानं, वर वीट ठेवली, तरी मोडला नाही. मी चावी फिरवणारा माणूस, पण हे पोरगं नदी ओलांडून जाणार बघ. झोपला की मी बघत बसतो त्याच्याकडे.”

तन्मयने हे शब्द पन्नास वर्षांत कधी ऐकले नव्हते. घरात वडील कमी बोलत. तोंडाशी आलेलं ‘बाबा, तो मीच’ हे वाक्य त्याने कसंबसं गिळलं, कारण ते उच्चारलं असतं तर समोरचा माणूस पुन्हा घाबरून भिंतीला टेकला असता.

“नाव काय त्याचं?” त्याने विचारलं.

“तन्मय. पण त्याला यातलं काही बोलू नकोस हां. डोक्यात हवा जायची त्याच्या.”

“नाही सांगत, साहेब,” तन्मय म्हणाला.