पाठमोरी

उंद्रीचे शेषराव मास्तर म्हणजे दोन दुणे चारचा माणूस. शाळेत गणित शिकवायचं, घरी आईच्या पंचांगाला नाक मुरडायचं आणि उरल्या वेळात फोटो काढायचे. फोटो माणसांचे नव्हेत बरं. माणूस कॅमेऱ्यापुढं आला की ताठ होतो, श्वास कोंडतो, खोटा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना लागायचं वावर, धुकं, हरभऱ्यावरचं दहिवर. झाड का कुठी पळून जाऊन राह्यलं, की त्याचा फोटो काढता, असं गाव विचारायचं. मास्तर मिशीत हसायचे.

चौसष्ट सालच्या हिवाळ्यात एका मासिकानं हौशी लोकांसाठी स्पर्धा काढली. एकाच जागेच्या बारा सकाळी, बारा फोटो, आणि त्यात माणूस नको. मास्तरांना आयतंच घबाड सापडलं. घराच्या मागच्या दारातून निघालेली पायवाट हरभऱ्यातून ओढ्याकडे उतरायची, ओढा ओलांडून बोडक्या टेकडीवर चढायची आणि माथ्यावर दिसेनाशी व्हायची. घराच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, ती अख्खी दिसे. मास्तरांनी तिथं कॅमेऱ्याच्या तिकाटण्यासाठी खडूनं तीन खुणा केल्या आणि रोज सूर्य हातभर वर आला की एक फोटो घेऊ लागले.

चौथ्या सकाळी कोकिळाबाई तापानं आडव्या झाल्या.

या मास्तरांच्या बायको. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पोटी मूल नव्हतं, पण दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. चिखलीहून डॉक्टर आले, गोळ्या दिल्या, चार दिवसांनी पुन्हा आले आणि या खेपेला चहा न घेताच गेले. मास्तरांचा जीव कासावीस झाला. तरी सकाळचा एक फोटो त्यांनी चुकवला नाही. तेवढाच काय तो जिवाला विसावा.

बारा पुरे झाल्यावर त्यांनी दुपारी धान्याची खोली बंद केली, कंदिलाला लाल कागद लावला आणि फोटो स्वतःच धुतले. पहिले तीन झकास निघाले. चौथ्यात मागच्या दाराशी एक बाई होती.

पाठमोरी. डोक्यावर पदर, अंगावर चौकड्याचं लुगडं. मास्तर चडफडले. कोण कडमडलं मधे? पाचव्यात ती हरभऱ्यात होती. सातव्यात ओढ्याच्या अलीकडे, नवव्यात पलीकडे. बाराव्यात टेकडीच्या अर्ध्यावर, बोराच्या बीएवढी. त्यातल्या एकाही सकाळी वाटेवर चिटपाखरूही नव्हतं, याची ते आईची शपथ घेऊन ग्वाही देऊ शकले असते.

त्यांनी चौथ्या फोटोला भिंग लावून पाहिलं. डाव्या खांद्यावर लुगड्याला दंड घातलेला, फाटलेला भाग जोडून शिवलेला होता. तो कोकिळाबाईंनी दिवाळीच्या आधी त्यांच्यासमोर बसून घातला होता.

फोटोवर फोटो चढला असेल, काच मळली असेल, असं मास्तरांनी स्वतःला परोपरीनं समजावलं. त्यांनी कॅमेरा पेटीत घालून कुलूप लावलं. दोन दिवसांत कोकिळाबाईंची शुद्ध गेली. पाय गार पडले. मनकर्णाबाई, मास्तरांच्या आई, सुनेचे तळवे चोळत म्हणाल्या, "शेषा, हे चालली रे."

मास्तर रात्रभर उशाशी बसले. माणूस कितीही हिशेबी असो, बुडताना काडी धरतोच. पहाटे त्यांनी त्या काडीचाही हिशेब मांडला. आपण तिला मागून पाहत होतो. समोर जाऊन उभं राहिलं तर? आपल्याला ओलांडून ती जायची नाही.

त्यांनी नवं रीळ भरलं आणि ऊन पडायच्या आत टेकडीचा माथा गाठला. कॅमेरा घराकडे वळवला. काचेत सगळं दिसत होतं. वाट, ओढा, हरभरा, धाब्यावरचा पातळ धूर. माणूस नव्हतं. उजेड कमी होता, म्हणून झडप दोन श्वास उघडी ठेवायची होती. मास्तरांनी श्वास रोखून खटका दाबला.

"अवं."

अगदी कानाशी. दमलेला आवाज.

वऱ्हाडातलं शेंबडं पोरही जाणतं, की वावरात झुंजूमुंजू असताना एका हाकेला ओ द्यायची नसते. माणूस असेल तर तीनदा बोलावतो. या असल्या गोष्टींवर मास्तर वर्गात हसत आले होते. आज त्यांची मान वळली नाही. ते दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिले.

दुसरी हाक आली नाही.

खटका सोडून त्यांनी वळून पाहिलं. माथ्यावर वाऱ्यानं गवत हलत होतं.

घरी आले तर मागचं दार उघडं, आणि कोकिळाबाई बाजेवर उठून बसलेल्या. ताप उतरला होता. त्यांनी ज्वारीच्या कण्या मागितल्या. मनकर्णाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मास्तर गोठ्यात जाऊन ढसाढसा रडले, कुणाला दिसू नये म्हणून. आठ दिवसांत कोकिळाबाई चुलीपाशी बसू लागल्या. घर पुन्हा घर झालं.

ते रीळ मात्र तसंच पडून होतं. एकदाचं उरकून टाकावं, म्हणून नवव्या दुपारी मास्तरांनी ते धुवायला घेतलं. बाहेर भाकर थापल्याचा आवाज येत होता. लाल उजेडात कागद औषधाच्या पाण्यात डोलू लागला.

आधी घर उमटलं. मागच्या दारात ती होती. पाठमोरी, एक पाय उंबऱ्याच्या आत. मास्तरांना हायसं वाटलं. परतली म्हणायची.

मग कागदाची डावी कड काळवंडू लागली.

तिथं कुणी तरी अगदी जवळ उभं होतं. हलल्यामुळं पुसट झालेलं. उतरलेले गाल, कपाळावर घामानं चिकटलेले केस, उघडं तोंड. हात कॅमेऱ्याकडे केलेला.

ती कोकिळा होती.

मास्तरांनी दारातल्या बाईकडे पाहिलं. पुन्हा कडेच्या तोंडाकडे पाहिलं.

भाकर थापायचा आवाज थांबला. पावलं दारापर्यंत आली.

"आला का फोटो?"

"नाही," मास्तर कसेबसे म्हणाले. "काळा पडला."

दाराबाहेर पिठाचे हात झटकल्याचा आवाज आला.

"बरं झालं," आवाज मायेचा होता. "लई वेळ उभी होती बिचारी तुमच्यापाशी."

पावलं चुलीकडे गेली, आणि पुन्हा भाकर थापल्याचा आवाज सुरू झाला.